बिस्किटी रंगाचं चामडं

करोल बागेतून गाडी घरी आणली त्या संध्याकाळी आबा तिच्या मागच्या सीटवर जाऊन बसले आणि बराच वेळ उतरलेच नाहीत.

आबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर सहा महिन्यांनी मी त्यांना सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून दिल्लीला, मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो होतो. दुसरा मजला, दोन खोल्या, पुढे एक चिंचोळी बाल्कनी आणि बाल्कनीच्या बरोबर खाली सोसायटीच्या गाड्या लावायची जागा. सकाळपासून आबा त्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसत. बोलणं फारसं नसे. माझी बायको विचारायची, "मामंजी, चहा टाकू?" त्यावर ते मान हलवत. ती मान हो म्हणाली की नाही, ते तिचं तिनं ठरवायचं.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. गुडगावात मोहरीच्या शेतांमधून काचेच्या इमारती वर येत होत्या आणि त्यातल्या एका इमारतीत माझी नोकरी होती. बढती मिळाली तशी कंपनीनं गाडी दिली. गडद निळी, लांब नाकाची. तिच्या सीट कापडी होत्या आणि चांगल्या होत्या. पण माझ्या साहेबांच्या गाडीत चामड्याच्या सीट होत्या. एकदा त्यांच्या शेजारी बसून मी धौला कुआँपर्यंत आलो होतो. त्या सीटवर बसलं की माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. बाहेर सगळी दिल्ली भोंगे वाजवत चाललेली आणि आत नुसता एक मंद, गोडसर वास. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. गाडी हातात आली त्याच आठवड्यात मी करोल बागेतल्या एका दुकानात तिच्या सीट चामड्यानं मढवायला दिल्या. दुकानातल्या म्हाताऱ्या मास्टरजींनी माझ्यापुढे चामड्याचे तुकडे पसरले. मी बिस्किटी रंग निवडला. त्याच हौसेत लोखंडी चाकं काढून आरशासारखी चकाकणारी, पाच आऱ्यांची चाकं बसवून घेतली.

आबांना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आता ते आत बसले होते, दारं लावून. मी काचेवर टकटक केलं.

"आबा, वर चला. गार पडतंय."

त्यांनी दार उघडलं, पण उतरले नाहीत. अंगठा सीटवरून हळूहळू फिरवत होते, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा.

"म्हशीचं आहे," ते म्हणाले. "पाठीकडचं. कमावलंय चांगलं." मग वाकून सीटच्या बाजूवर बोट टेकवलं. "आणि इथनं पुढं रेक्झिन."

"नाही हो आबा. सगळं चामडंच सांगितलंय त्यांनी."

"सांगितलं असेल." त्यांच्या आवाजात कुणाबद्दल तक्रार नव्हती. "बूड टेकतं तिथं चामडं, हात लागतो तिथं चामडं. नजर जात नाही तिथं रेक्झिन. काम वाईट नाही."

मला राग आला, आणि राग यायचं खरं कारण रेक्झिन नव्हतं.

आबांना चामड्यातलं कळायलाच हवं होतं. ते फौजेत खेचरांच्या तुकडीत सॅडलर होते. डोंगरात जिथे ट्रक चढत नाही तिथे खेचरं सामान नेतात, आणि त्या खेचरांची खोगिरं, तंग, पट्टे शिवणारा, दुरुस्त करणारा माणूस म्हणजे सॅडलर. आबांच्या आधी त्यांचे वडील गावात चपला आणि विहिरीवरच्या मोटा शिवायचे, आणि त्यांच्या आधी त्यांचे. आमची जात चांभाराची. आमची चार घरं गावाच्या कडेला, ओढ्यापलीकडे. आबा भरतीला गेले तेव्हा साहेबांनी विचारलं, काम काय येतं? आबांनी जे येत होतं ते सांगितलं.

माझं लहानपण छावण्यांमध्ये गेलं. त्यातली एक छावणी अजून मला झोपेत दिसते. देवदाराची झाडं, दुपारीच उतरणारं धुकं, आणि लांबट, कौलारू अशी खोगिरांची खोली. शाळा सुटली की मी घरी न जाता तिथे जायचो. भिंतीला ओळीनं खोगिरं टांगलेली असत, खाली खोगिराखाली घालायच्या जाड लोकरी नमद्यांची चळत. मी त्या चळतीवर चढून पडायचो. तेलाचा, मेणाचा, चामड्याचा आणि लांबून येणारा खेचरांचा वास. आबा खिडकीपाशी बसून दोन सुयांनी शिवत. एक सुई इकडून, एक तिकडून, मग दोन्ही हात पंखासारखे बाजूला पसरून दोरा ओढायचे. हात जवळ यायचे, दूर जायचे. ते बघता बघता मला झोप लागायची. त्या खोलीतल्या दुपारी संपायच्याच नाहीत. जागा व्हायचो तेव्हा अंगावर कुणाचा तरी कोट असायचा आणि आबा अजून शिवतच असायचे.

हे सगळं मी विसरलो नव्हतो, पण कुणाला सांगितलंही नव्हतं. पुण्याला होस्टेलवर मी सांगायचो, वडील फौजेत आहेत. गुडगावला ऑफिसात तेच इंग्रजीत सांगायचो. ऐकणारे आपापल्या मनानं त्याचा अर्थ लावत. कुणी आबांना कॅप्टन करून टाकलं, कुणी मेजर. मी कुणाचं खोडून काढलं नाही. बायकोला अर्थात सगळं ठाऊक होतं. ती आमच्याच समाजातली. एकदा ऑफिसची मंडळी जेवायला आली असताना कुणीतरी विचारलं, "अंकल किस रेजिमेंट में थे?" आणि मी भाजीचं भांडं पुढे केलं. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं.

गाडी आल्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी जाग आली तर आबा बाल्कनीत नव्हते. खाली पाहिलं. धुकं इतकं दाट होतं की गाड्या कुठे आहेत ते नुसत्या आकारांवरून ओळखायचं. आमच्या गाडीची चारही दारं उघडी होती आणि एका चाकापाशी आबा उकिडवे बसले होते. डोक्याला मफलर, अंगात फौजेतला जुना हिरवा स्वेटर, शेजारी दोन बादल्या आणि एक पत्र्याची पेटी. ही पेटी ते गावाहून घेऊन आले होते. मला वाटलं होतं, तिच्यात आईच्या वस्तू असतील.

मी खाली गेलो. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "आधी चाकं. जनावर धुताना खूर आधी धुतात. नाहीतर खालची घाण वर उडते आणि वर केलेलं काम फुकट जातं."

चाकाच्या आऱ्यांवर ब्रेकची काळी, चिवट पूड बसली होती. जुन्या टूथब्रशानं ते ती कोपऱ्याकोपऱ्यातून काढत होते. चाकांची बादली वेगळी, चाकांचं फडकं वेगळं. ते फडकं चुकूनसुद्धा गाडीच्या अंगाला लागू द्यायचं नाही, कारण त्यात लोखंडाचा कीस असतो. आणि गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर चाक गार होईपर्यंत पाणी टाकायचं नाही. "तापलेल्या चाकावर गार पाणी म्हणजे तापलेल्या जनावराला गार पाणी," ते म्हणाले. इतकं बोलताना मी त्यांना कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

मग सीट. आधी मऊ ब्रशानं शिवणीतली धूळ, कारण धूळ दोरा कापते. मग बायकोच्या जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा, ओला करून घट्ट पिळलेला, त्यावर साबणाचा नुसता फेस. पाणी चामड्याला लागल्यासारखं व्हावं, पण लागू नये. मग कोरडं फडकं, मग सावलीत वाळू देणं. शेवटी बोटाच्या पेराएवढं तेल, तेही फडक्यावर नाही, तळहातावर. तळहात एकमेकांवर चोळून गरम करायचे आणि मगच सीटवरून फिरवायचे. ते आबा डोळे मिटून करत.

पुढे ते रोजचंच झालं. रोज तेल नसे, साबणही नसे, पण रोज पहाटे आबा खाली जाऊन चाकं पुसत आणि सीटवरून कोरडं फडकं फिरवत. बायको तिथेच चहा घेऊन जायला लागली. वरून मला दिसायचं: उघड्या दारांची गाडी, मागच्या सीटवर आबा, पुढच्या सीटवर वळून बसलेली ती, आणि दोघांच्या हातातल्या कपांची वाफ धुक्यात मिसळत चाललेली. ते तिला खेचरांच्या गोष्टी सांगत. एक खेचर होतं, ते फक्त मराठीत हाक मारली तरच चालायचं. ती वर येऊन मला सांगायची आणि हसायची. आबा आता जेवताना दुसऱ्यांदा भात मागून घेत.

आमच्या वरच्या मजल्यावर एक सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ राहत. परदेशातल्या नेमणुकीहून येताना त्यांनी तिकडची एक गाडी आणली होती. म्हातारी, भारदस्त गाडी. तिच्या मूळच्या लाल चामड्याच्या सीट आता उन्हानं भेगाळून गेल्या होत्या. जानेवारीतल्या एका सकाळी मी बाल्कनीत दात घासत उभा होतो. खाली ते गृहस्थ काठी टेकत आबांपाशी आले.

"बाबाजी, आप बड़ा अच्छा काम करते हो," ते म्हणाले. "हमारी गाड़ी भी देख लोगे?"

त्यांना वाटलं होतं, आबा गाड्या पुसायला येणारे कुणी आहेत.

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्या गाडीकडे पाहिलं. "देख लेंगे जी," ते म्हणाले, आणि पेटी उचलून तिकडे गेले.

मी ब्रश तोंडात धरून तसाच उभा राहिलो. खाली जावं, काहीतरी बोलावं असं वाटत होतं, पण पाय उचलला नाही. आठ दिवस आबा त्या लाल सीटवर काम करत होते. नवव्या दिवशी ते वर आले तेव्हा त्यांच्या हातात गजकचा, तीळ-गुळाच्या वड्यांचा डबा होता. त्या गृहस्थांनी दिलेला. आबांनी तो बायकोपुढे धरला. "घे. चांगलाय."

"बक्षिसी दिलीय ती तुम्हाला, आबा," मी म्हणालो.

"मग?"

"तुम्ही असं लोकांच्या गाड्या पुसत बसायचं काही कारण आहे का?"

"पुसत नव्हतो. चामडं फुटत होतं त्याचं. इतकं चांगलं चामडं आता बघायला मिळत नाही."

"पण लोक काय समजतील?"

आबांनी डबा टेबलावर ठेवला. "काय समजतील?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, टोमणा म्हणून नाही. ते माझ्या उत्तराची वाट बघत होते.

बायको पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. माझ्या गप्प राहण्यातून आबांना जे कळायचं ते कळलं. ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. एखादी खिडकी हळूच लोटून घ्यावी तसं काहीतरी झालं.

"बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशीपासून ते खाली गेले नाहीत. पत्र्याची पेटी पलंगाखाली गेली. आबा परत बाल्कनीतल्या खुर्चीवर. बायको चहा तिथेच नेऊन द्यायची, आणि खेचरांच्या गोष्टी बंद झाल्या. गजक कुणीच खाल्लं नाही.

होळी झाली, ऊन चढायला लागलं. गुडगावच्या ऑफिसला तेव्हा छपराचं पार्किंग नव्हतं. कच्च्या मैदानात दिवसभर गाडी उभी असायची. बाजूला क्रेन, खड्डे आणि सगळीकडे उडणारी पिवळी माती. मे महिन्यात लू, तो भाजून काढणारा वारा, सुरू झाली. संध्याकाळी दार उघडलं की आतून भट्टीसारखा झोत यायचा आणि सीटवर बसताना पाठ भाजायची. मी पुढच्या काचेवर पुठ्ठा लावायचो, सीटवर पांढरी चादर टाकायचो; एवढं आबांनी हिवाळ्यातच सांगून ठेवलं होतं. पण चामडं कोरडं पडत गेलं. आधी त्याचा मऊपणा गेला, मग बसल्यावर ते कुरकुरायला लागलं. जूनमध्ये चालवणाऱ्याच्या सीटची कडेची शिवण बोटभर उसवली आणि तिच्या शेजारी बारीक भेगा दिसायला लागल्या, आटलेल्या तळ्याच्या तळाला पडतात तशा.

करोल बागेतल्या मास्टरजींनी पाहून सांगितलं, "साहब, पूरा पीस बदलना पड़ेगा." मी विचार करतो म्हणून परत आलो. येताना शेजारच्या दुकानातून चामड्याच्या लोशनची बाटली घेतली.

त्या रविवारी पहाटेच उठून मी एकटा खाली गेलो. चाकं आधी धुतली. सीट पुसली. मग लोशन लावलं, आणि भेगा दिसत होत्या म्हणून आणखी लावलं. बघता बघता बिस्किटी रंगावर ताटाएवढा काळपट डाग पसरला. मी फडक्यानं घासत राहिलो आणि तो मोठा होत गेला. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. सहज वर पाहिलं. बाल्कनीच्या कठड्याला हात टेकून आबा उभे होते. माझी नजर गेली तरी त्यांनी ती चुकवली नाही. हलले मात्र नाहीत.

बायको दूध घेऊन येत होती. ती गाडीपाशी थांबली, डाग पाहिला, वर आबांकडे पाहिलं.

"तुम्ही विचारा ना त्यांना," ती म्हणाली.

"ते येणार नाहीत."

"विचारून तर बघा. पाच महिने तिथे बसून वाटच बघतायत."

दोन मजले चढायला मला फार वेळ लागला. आबा परत खुर्चीवर बसले होते, त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. बोलायचं खूप होतं. माफीचं काहीतरी मनात जुळवत वर आलो होतो. प्रत्यक्षात तोंडातून एवढंच निघालं, "आबा, मला शिकवता?"

त्यांनी खाली गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "किती लावलंस?"

"निम्मी बाटली."

"चामड्याला तहान लागते," ते उठत म्हणाले. "म्हणून घटाघटा पाजायचं नसतं. पेटी काढ पलंगाखालनं."

खाली येऊन त्यांनी डागावर तळहात ठेवला, ताप बघावा तसा. "जाईल," म्हणाले. "चार दिवस वर काही लावू नकोस. सावलीत ठेव, सुकं फडकं फिरवत जा. आपोआप सगळीकडं पसरेल." मग सीटच्या खालचे हूक सोडवून त्यांनी उसवलेली बाजू उलटी करून घेतली. पेटीतून भोकं पाडायची आर काढली, मेणाचा गोळा काढला, दोरा मेणातून दोनदा ओढला, दोन सुया ओवायला घेतल्या. त्यांचे डोळे अधू झाले होते. पहिली सुई ओवताना तिसऱ्यांदा दोरा चुकला तेव्हा मी हात पुढे केला. त्यांनी सुई माझ्याकडे दिली.

"जुन्याच भोकातनं गेली पाहिजे," त्यांनी सांगितलं. "नवं भोक पाडलं की चामडं तिथनंच फाटतं. घाई करू नकोस. भोक शोध."

आम्ही दोघं पुढच्या सीटच्या दोन बाजूंना गुडघ्यांवर बसलो होतो. मी इकडून सुई घालायचो, ते तिकडून. मग दोघांनी मिळून ओढायचं. चारही दारं उघडी होती. कडुनिंबाची सावली सरकत गाडीवर आली होती, कुठेतरी कोकीळ ओरडत होती, कुणाच्या तरी रेडिओवर सकाळचं भजन लागलं होतं. मेणाचा आणि चामड्याचा वास इतका दाटून आला की एका क्षणी मला आपण कुठे आहोत तेच कळेना. चाळिशीला आलेला मी त्या क्षणी सात वर्षांचा होतो आणि मला झोप येत होती. आबांचे हात जवळ यायचे, दूर जायचे. टाके माझ्या बाजूनं वाकडे पडत होते. ते बघत होते, पण उसव म्हणाले नाहीत.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ काठी टेकत आले. "अरे बाबाजी! कहाँ थे इतने दिन? हमारी गाड़ी आपको याद करती है."

मी उभा राहिलो. हातात सुई तशीच होती. "ये मेरे पिताजी हैं," मी म्हणालो. "फ़ौज में सॅडलर थे. चमड़े का काम हमारे घर में पीढ़ियों से है."

एवढंच वाक्य. ते म्हणायला मला किती वर्षं लागली होती ते माझं मला ठाऊक. मला वाटत होतं, ते म्हटल्यावर काहीतरी होईल. झालं ते असं, की ते गृहस्थ लालबुंद झाले. "पिताजी? ओहो. माफ़ कीजिएगा. मुझे तो बिल्कुल... मैंने तो गजक..." त्यांनी चार वेळा माफी मागितली, आबांना नमस्कार केला, आणि काठी टेकत आल्या वाटेनं निघून गेले.

त्यानंतर ते आबांना भेटले की "नमस्ते सर" म्हणत आणि पुढे सरकत. आपल्या गाडीला त्यांनी परत कधी आबांना हात लावू दिला नाही. ते संकोचानं होतं, की मी जे पिढ्यांचं बोललो होतो त्यामुळे होतं, मला आजवर समजलेलं नाही. दोन्हीही असेल. त्या लाल सीट पुढच्या उन्हाळ्यात पार फुटून गेल्या.

आबांना त्याचंच वाईट वाटत राहिलं. "माझं एकुलतं एक गिऱ्हाईक घालवलंस," ते मला म्हणायचे. आधी खरंच चिडून, मग थट्टेनं.

त्या पावसाळ्यात आणि पुढच्या हिवाळ्यात रविवारची सकाळ आमची दोघांची होती. मी चाकं करायचो, ते सीट. मग मी सीट करायला लागलो आणि ते मागे बसून सांगायचे. ऑफिसात मी काही जाहीर वगैरे केलं नाही. पण एकदा साहेब माझ्या गाडीत बसले, सीटवर हात फिरवला आणि विचारलं, कुठून करून घेतोस? मी म्हणालो, वडील करतात, हेच त्यांचं काम होतं. साहेब म्हणाले, "अच्छा," आणि फोनवर बोलायला लागले. इतकं साधं होतं ते. मग आधीची इतकी वर्षं मी कशाला घाबरत होतो, याचा विचार करत त्या दिवशी मी सावकाश गाडी चालवत घरी आलो.

गुडगावात आम्ही एक फ्लॅट घेतला होता, तेव्हा तो अजून बांधून व्हायचा होता. जानेवारीतल्या एका सुट्टीच्या दिवशी मी आबांना तो दाखवायला घेऊन गेलो. निजामुद्दीनच्या पुलावर यमुना दिसली नाही, नुसतं पांढरं काहीतरी खालून वाहत होतं. पुढे शहर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना मोहरी लागली. धुक्यात ती पिवळी दिसत नव्हती, उजेड दिसावा तशी दिसत होती. मध्येच एखादी अर्धी इमारत उभी, तिला भिंती नाहीत, नुसते मजले. एका मजल्यावर मोर बसला होता. मला वाटलं मलाच भास झाला, पण आबांनीही बोट दाखवलं.

आमच्या इमारतीपाशी पोचलो तर आबा मागच्या सीटवर झोपून गेले होते. कुशीवर, पाय जवळ घेतलेले, एक हात गालाखाली आणि दुसरा सीटवर पसरलेला. मी त्यांना उठवलं नाही. अंगातला कोट काढून त्यांच्यावर टाकला, काच थोडी खाली केली आणि एकटाच आत जाऊन आलो. आमच्या फ्लॅटच्या जागी सिमेंटचा एक चौक होता आणि सळया होत्या. तिथे उभं राहून खाली पाहिलं तर धुक्यात आमची गाडी तेवढी दिसत होती, निळी, एकटी. आबा त्या घरात राहायला आले नाहीत. आम्ही सामान हलवायच्या आधीच, त्याच वर्षी श्रावणात, चार दिवसांच्या तापानं ते गेले. त्या दिवशी अर्थातच मला हे माहीत नव्हतं. मी वाऱ्यात उभा होतो आणि मला थंडी वाजत होती, एवढंच.

परत आलो तेव्हा ते जागे होऊन बसले होते.

"बघायचं ना घर?" मी विचारलं.

"बघू की, झालं म्हणजे." त्यांच्या आवाजात अजून झोप होती. "आपण चढ चढत होतो."

"कुठे?"

"ते नाही आठवत. तुझी आई पुढं होती." त्यांनी माझा कोट माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "भूक लागली."

वाटेत एका हातगाडीवर छोले-कुलचे मिळत होते. मी पानांच्या द्रोणांत ते घेऊन गाडीपाशी आलो तर त्यांनी दारातच अडवलं. तेलकट हात घेऊन आत यायचं नाही. मग आम्ही दोघांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून खाल्लं. ट्रक जात होते, धुळीत ऊन उतरायला लागलं होतं. छोले तिखट होते आणि आबांच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं. ते मफलरनं पुसत त्यांनी हातगाडीवाल्याला हाक मारली, आणखी एक कुलचा द्यायला सांगितला.